व्हाइट सॅन्ड्सला जाताय? मग ला मेसाच्या चोपेजमध्ये जेवूनच या

आमच्या ओळखीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं व्हाइट सॅन्ड्स बघून झालंय. फिनिक्सहून, डॅलसहून, ऑस्टिनहून लाँग वीकेंड गाठून लोक निघतात, पांढऱ्याशुभ्र वाळूवर पोरांना घसरगुंडी खेळू देतात, सूर्यास्ताचे ढीगभर फोटो काढतात, रात्री लास क्रूसेसला हायवेलगतच्या हॉटेलात झोपतात आणि जेवण म्हणजे कुठल्यातरी चेनमधला बरिटो नाहीतर डब्यातून आणलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. दशम्या आमच्याही गाडीत असतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लास क्रूसेसपासून वीस मैलांच्या आत ला मेसा नावाचं एवढंसं गाव आहे, त्या गावात चोपेज नावाचं एवढंसं कॅफे आहे, आणि मिरचीवर जीव असलेल्या माणसांनी इतक्या जवळून जाऊन ते चुकवावं हे मला बघवत नाही म्हणून हे लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

आम्हाला ते कळलं हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंकडून. ऑगस्टचा शेवट होता, म्हणजे इथला मिरचीचा भर हंगाम, आणि लास क्रूसेसमध्ये जिथे जावं तिथे किराणा दुकानाच्या दाराशी जाळीचा मोठ्ठा पिंप फिरत होता, बाजूने गॅसचा भगभगता जाळ, आत पोतंभर हिरव्या मिरच्या गरगर फिरतायत, सालं तडतडून काळी पडतायत आणि वास पार रस्त्यापर्यंत. आपण खर्ड्यासाठी तव्यावर मिरच्या परततो तेव्हा अख्खं घर खोकत सुटतं, तसला तो वास नाही. गोडसर, धुरकट आणि भूक खवळवणारा. न्यू मेक्सिको राज्याने २०२३ मध्ये भाजल्या हिरव्या मिरचीचा वास हा राज्याचा अधिकृत सुगंध म्हणून कायदा करून जाहीर केलाय, आणि त्या पार्किंग लॉटमध्ये उभं राहिलं की ते अगदी पटतं. आईने तर गाडीतून उतरून त्या भाजणाऱ्या पोराच्या शेजारी उभं राहून सगळं नीट बघून घेतलं, किती वेळ फिरवतो, कधी बाहेर काढतो, पिशवीत भरून तोंड का बांधतो (वाफेवर साल सुटं होतं म्हणून). मग हॉटेलवर येऊन मी रिसेप्शनच्या बाईंना विचारलं, टूरिस्ट सोडा, तुम्ही स्वतः मिरची खायला कुठे जाता? त्यांनी क्षणाचाही विचार न करता चोपेज म्हटलं आणि वर बजावलं की इंटरस्टेट टेनने जाऊ नका, जुन्या अठ्ठावीस नंबरच्या रस्त्याने जा.

तो अठ्ठावीस नंबरचा रस्ता हाच निम्मा आनंद आहे. लास क्रूसेसला लागूनच मेसिया नावाचं जुनं गाव आहे, तिथून रस्ता दक्षिणेला निघतो आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याच्या, बागा सुरू होतात. स्टाहमन नावाच्या शेतकरी घराण्याने १९३० च्या दशकात लावायला घेतलेली झाडं आहेत ती, आता एवढी उंच झालीयेत की रस्त्याच्या वर फांद्यांची कमान झालीये. बाहेर चाळीस डिग्रीला टेकलेलं ऊन आणि ह्या कमानीखाली शिरलं की एकदम गारवा, आम्ही एसी बंद करून काचा खाली केल्या. बागा संपल्या की कापूस, लसूणघास, कांदा आणि मिरची. सगळी हिरवाई रिओ ग्रांदेच्या पाण्यावर, आणि ते पाणीसुद्धा वर एलेफंट ब्यूट धरणातून सोडतील तेव्हाच, एरवी नदीचं पात्र इथे वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. ते धरण १९१६ साली पूर्ण झालं. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हा प्रदेश समजावून सांगावा लागत नाही, आमच्या आईला बांध, पाट, वाफे दिसले आणि ती म्हणाली, "हे तर आपल्याकडचंच रान आहे की गं."

ला मेसा गाव म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना थोडी घरं, बस. चोपेज आलं की ते कळायला फक्त गाड्यांची रांग पुरे. बुटकी साधी इमारत, शेजारी त्यांचाच बार, बारच्या बाहेर मोटरसायकली लावलेल्या. बाहेरून बघून कोणीही म्हणेल की हे कोणाचं तरी घर आहे, आणि ते घरच होतं. १९१५ मध्ये लोंहिना बेनाविदेस नावाच्या बाईंनी आपल्या राहत्या घरातून आजूबाजूच्या शेतकऱ्यांना एन्चिलाडा, म्हणजे मिरचीच्या रश्शात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या, विकायला सुरुवात केली. पाटी नाही, मेन्यू नाही. एन्चिलाडा तयार झाल्या की बाहेर कंदील टांगायचा, कंदील दिसला की शेतातली माणसं यायची. पुढे त्यांचा मुलगा होसे, ज्याला सगळे चोपे म्हणायचे, त्याने आणि त्याच्या बायकोने ते वाढवलं, त्याचंच नाव लागलं आणि पुढेही ते घरातल्यांनीच चालवलं. आता ह्या इमारतींची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे. एवढं सगळं असून आत शिरल्यावर कुठे इतिहासाचा बडेजाव नाही. लहान खोल्या, खेटून लावलेली टेबलं, शेजारच्या टेबलावरचे आजोबा तुमच्या प्लेटकडे बघून मान डोलावतात इतकी जवळीक.

गेल्या गेल्या पहिला प्रश्न येतो तो मिरचीचा. रेड ऑर ग्रीन? हा प्रश्न ह्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने ठराव करून तसं ठरवलंय, आणि तो दरवाजातल्या नमस्कारासारखा सगळीकडे विचारला जातो. दोन्ही हवं असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. मी पहिल्यांदा जाणाऱ्यांना सांगेन की ख्रिसमस म्हणू नका. दोन्ही एकत्र ओतलं की कडेला ते मिसळतं आणि दोन्हीची वेगळी ओळख राहत नाही. त्यापेक्षा दोन वेगळ्या प्लेट मागवा, एक लाल, एक हिरवी, आणि वाटून खा. इथे वाटून खाल्लेलं कोणाला खटकत नाही, आमच्या टेबलावर वाढणाऱ्या मावशींनी न मागता रिकाम्या प्लेट आणून ठेवल्या.

आता मुख्य मुद्दा, चिली रेयेनो. चोपेजचं नाव ज्या एका पदार्थासाठी घेतात तो हा. लांब हिरवी मिरची, आपल्या भज्यांच्या मिरचीपेक्षा कितीतरी मोठी नि रुंद, आधी भाजून सोललेली, पोट चिरून आत चीज भरलेलं, वरून अंड्याचं हलकं आवरण आणि तळलेली. आपली भरली मिरची सगळ्यांना माहितीये, बेसन, दाण्याचं कूट, तीळखोबरं, लिंबू. आपल्या भरल्या मिरचीत चव असते ती सारणाची आणि मिरची त्या सारणाचं भांडं असते, निदान आमच्या घरी तरी. इथे नेमकं उलट आहे. सारण म्हणजे नुसतं वितळलेलं चीज, ते मुद्दाम सौम्य, त्याचं काम एवढंच की मिरचीला टेकू द्यायचा. तुम्ही खाता ती मिरची. काट्याने कापलं की आवरण जराही तेलकट न होता सुटतं, आतली मिरची मऊ पण लगदा झालेली नाही, तिचा धागा अजून शाबूत, मधेच एखादा जळक्या सालाचा काळा ठिपका राहिलेला आणि त्या ठिपक्याला जी धुरकट चव आहे ती अख्ख्या घासभर पसरते. देठ तसंच ठेवलेलं असतं. आईने सरळ देठ धरून खाल्लं, शेजारचे आजोबाही तसंच खात होते. तिखट किती? पहिल्या रेयेनोत काहीच जाणवलं नाही, गोड भाजीसारखी गेली, आणि दुसऱ्याने कानशिलं तापली. दोन्ही एकाच प्लेटमधल्या. मिरची शेतातली आहे, तिला पाणी कमी पडलं की ती तापते, एकाच झाडावरच्या दोन मिरच्यांत फरक असतो. ह्याची तयारी ठेवून जा आणि लहान मुलांना आधी स्वतः चाखून द्या.

नवऱ्याने हिरव्यातलं चिली कोन केसो मागवलं होतं, वितळलेल्या चीजमध्ये भाजल्या मिरचीचे तुकडे, चिप्सबरोबर खायचं. चांगलं होतं, पोरीने ते एकटीने संपवलं. पण पोट त्यावर भरू नका, तो फक्त टाइमपास आहे.

लाल एन्चिलाडा वेगळ्याच. गुंडाळलेल्या नाहीत, एकावर एक रचलेल्या. मक्याची टॉर्टिया लाल मिरचीच्या रश्शात बुडवायची, प्लेटमध्ये टाकायची, वर चीज नि बारीक चिरलेला कच्चा कांदा, परत टॉर्टिया, परत रस्सा. दक्षिण न्यू मेक्सिकोची ही पद्धत आहे आणि वर अर्धकच्चं अंडं मागायची इथे रीत आहे, ते जरूर मागा, अंड्याचा पिवळा बलक फोडून लाल रश्शात कालवला की जे होतं ते शब्दात सांगणं अवघड आहे. हा लाल रस्सा बघून आपल्याला वाटतं की कोल्हापुरी तांबडा रस्सा समोर आलाय. रंग तोच. चव घेतली की पार वेगळा देश. आईने एक चमचा घेतला, थांबली, परत एक घेतला आणि म्हणाली, "ह्यात मसाला कुठलाच नाही की. धने नाहीत, खोबरं नाही, काही नाही. नुसती मिरची आहे." मी म्हटलं, "हो आई, म्हणूनच." ती म्हणे, "मग एवढी चव कशी लागते?"

तर तशी लागते कारण तिथे मिरची तिखटपणासाठी घालतच नाहीत. इथे घरोघरी लाल रस्सा करतात तो असा, वाळलेल्या लाल मिरच्यांची देठं आणि बिया काढायच्या, गरम पाण्यात भिजवायच्या, वाटायच्या, गाळायच्या, थोडा लसूण, मीठ, जमलं तर ओरेगानो, आणि मंद आचेवर ठेवायचं. बास. एका भांड्याला मूठभर मिरच्या जातात, आपण चार जणांच्या आमटीत जेवढ्या टाकू त्याच्या कितीतरी पट. हे जमतं कारण मिरचीच तशी आहे, गर जास्त, तिखटपणा बेताचा. आपल्याकडे ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला असा हिशोब असतो आणि चव मसाल्याने आणायची. इथे रंग, तिखट, चव, घट्टपणा सगळं एकाच मिरचीकडून घेतात. त्या रश्शाला मातीसारखा खोल वास आहे, किंचित कडवटपणा आहे, शेवटी मनुकेसारखा गोडवा येतो. पहिल्या घासाला तो कडवटपणा काहींना आवडणार नाही, तिसऱ्या घासापर्यंत थांबा.

लाल आणि हिरवी ही एकाच झाडाची मिरची आहे, हे आपल्याला सांगायला नको, पण अमेरिकेतल्या बऱ्याच लोकांना ते माहीत नसतं. ऑगस्टपासून हिरवी तोडतात, जी राहते ती झाडावर लाल होते, मग ती वाळवतात. वाळवलेल्या लाल मिरच्यांच्या लांबच्या लांब माळा इथे घराच्या दाराला टांगलेल्या दिसतात, त्यांना रिस्त्रा म्हणतात. आईला नंदुरबारच्या मोकळ्या रानात वाळत घातलेल्या मिरचीचे लाल पट्टे आठवले, ती लहानपणी वडिलांबरोबर तिकडे गेली होती.

जेवताना मी तिला मिरचीचा प्रवास सांगत होते आणि तिला तो फार आवडला. मिरची मूळची मेक्सिकोकडची. स्पॅनिश लोकांबरोबर ती तिथून उत्तरेला ह्या रिओ ग्रांदेच्या काठाने वर आली, आणि पोर्तुगिजांबरोबर जहाजातून गोव्यात उतरली, दोन्ही गोष्टी साधारण सोळाव्या शतकाच्या आसपासच्या. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी नि पिंपळी. आणखी एक गंमतीची गोष्ट, इथे कार्ने अडोवाडा म्हणून पदार्थ मिळतो, डुकराचं मांस लाल मिरचीच्या वाटणात मुरवून मंद शिजवलेलं, राज्याच्या उत्तरेकडे त्याचं फार कौतुक. ते मुरवण्याचं तंत्र स्पेनचं, आणि गोव्याचं विंदालू ज्या पोर्तुगीज पदार्थावरून आलं तोही मांस लसूण नि व्हिनेगरमध्ये मुरवायचाच. शेजारशेजारच्या दोन देशांची एकच युक्ती, एक जहाज पश्चिमेला गेलं, एक पूर्वेला, आणि दोन्हीकडे तिला लाल मिरची भेटली. ज्यांनी म्हापशाच्या बाजारातली मिरची आणून घरी विंदालू केलंय त्यांनी न्यू मेक्सिकोत अडोवाडा खाऊन बघावाच.

बरं, ही जी लांब, गरदार, बेताची तिखट मिरची आहे ती आपोआप नाही झाली, आणि ती झाली ह्याच खोऱ्यात, लास क्रूसेसच्या शेतकी कॉलेजात, जे आता न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटी आहे. फाबियान गार्सिया नावाचे गृहस्थ होते, जन्म मेक्सिकोतला, लहानपणी अनाथ होऊन आजीबरोबर इकडे आले, १८९४ साली ह्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेतली आणि मग वर्षानुवर्षं स्थानिक मिरच्या निवडत, त्यांचा संकर करत बसले, म्हणजे सारख्या आकाराची, सोलायला सोपी, सर्वांना सोसेल अशी मिरची मिळावी म्हणून. त्यांचं न्यू मेक्सिको नंबर नाइन हे वाण शंभर वर्षांपूर्वीचं आणि आजची ही सगळी मिरची त्याच घराण्यातली. नंतर रॉय नाकायामा आले, इथल्याच एका जपानी शेतकरी कुटुंबातले, त्यांनी १९७५ मध्ये बिग जिम नावाचं वाण दिलं, फूटभर लांब होऊ शकणारी मिरची, रेयेनोसाठी लोक तीच शोधतात. ह्याच युनिव्हर्सिटीत चिली पेपर इन्स्टिट्यूट आहे आणि आपल्या ईशान्येकडची भूत झोलकिया जगातली सर्वात तिखट मिरची म्हणून २००७ मध्ये गिनेसमध्ये गेली ती त्यांनीच मोजून दाखवल्यावर. वेळ असेल तर लास क्रूसेसमध्ये त्यांचं दुकान आहे, बियाणं मिळतं, अंगणात लावणाऱ्यांनी जरूर जा.

हे सगळं मी सांगतेय कारण चोपेजमधल्या प्लेटमागे हे खोरं उभं आहे, आणि ह्या खोऱ्याची काळजी वाटावी अशी अवस्था आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू मेक्सिकोत चौतीस हजार एकरांच्या आसपास मिरची होती, आता ती दहा हजाराच्याही खाली आलीये. पाणी कमी, आणि तोडायला माणसं मिळत नाहीत. हिरवी मिरची अजूनही बहुतेक हातानेच तोडतात. लाल मिरचीसाठी यंत्रं आलीयेत पण हिरवीचं अडतं ते देठापाशी, कारखान्याला मिरची देठ काढून लागते आणि यंत्राने देठ काढताना मिरची फुटते. आपल्याकडे बायका दिवसभर मिरच्यांची देठं खुडत बसतात, संध्याकाळी हाताची आग आग होते, ते काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. दुसऱ्या देशांतून स्वस्त मिरची येते आणि न्यू मेक्सिकोच्या नावाने विकली जाते म्हणून राज्याने कायदाच केलाय की न्यू मेक्सिको असं लिहायचं तर ती मिरची इथे पिकलेली हवी. म्हणून म्हणते, दुकानात मिरची घेताना पाकीट उलटून बघा आणि इथलीच घ्या, दोन डॉलर जास्त गेले तरी.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण हा प्रश्न मला लगेच येणार. रेयेनो आणि चीज एन्चिलाडात मांस नसतं, पण रेयेनोच्या आवरणात अंडं असतं. ह्या भागात बीन्स पुष्कळ ठिकाणी लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत, परततात आणि लाल रश्शात कधी मांसाचं पाणी असतं, त्यामुळे कुठेही गेलात तरी ऑर्डर द्यायच्या आधी सरळ विचारा. "नो मीट" एवढं म्हणून भागत नाही, चरबी आणि स्टॉक हे शब्द वापरून विचारा. आमच्या मावशींनी आमचा प्रश्न नीट ऐकला, स्वयंपाकघरात जाऊन विचारून आल्या आणि मगच सांगितलं, मला ते फार आवडलं. जैन जेवण मात्र इथे जमणार नाही, कांदा लसूण पायाच आहे.

जागा लहान, त्यामुळे शनिवारी रविवारी थांबावं लागणार हे धरूनच चला. आठवड्यातल्या दिवशी गेलात तर निवांत. गावातलं घरगुती कॅफे आहे, वेळा बदलतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करा, आणि थोडी कॅश जवळ ठेवा. एल पासो एअरपोर्टवरूनही हे जवळच पडतं, साधारण तास पकडा, म्हणजे विमानाने येणाऱ्यांनी उतरल्या उतरल्या पहिलं जेवण इथेच करून मग वर जावं. आणि व्हिसावर असणाऱ्यांनो, हे नीट वाचा. हा मेक्सिकोच्या सीमेजवळचा भाग आहे. व्हाइट सॅन्ड्सहून लास क्रूसेसला येताना सत्तर नंबरच्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट लागतं, लास क्रूसेसवरून उत्तरेला आणि पश्चिमेला जाणाऱ्या इंटरस्टेटवरही आहेत. पासपोर्ट आणि मूळ कागद गाडीत हवेत, आईवडील भारतातून आलेले असतील तर त्यांचेही. हॉटेलच्या सेफमध्ये ठेवून निघू नका.

परत येताना आम्ही हॅचवरून गेलो. लास क्रूसेसच्या उत्तरेला चाळीसेक मैलांवरचं हे छोटंसं गाव मिरचीच्या नावाने जगभर ओळखलं जातं, लेबर डेच्या वीकेंडला तिथे मिरचीची जत्रा भरते, तेव्हा गर्दी फार. दुकानांच्या ओसऱ्या लाल माळांनी भरलेल्या असतात आणि भाजून दिलेली पोती घेऊन लोक रांगेने गाडीत टाकत असतात. हॅचबद्दल माझं मत असं की खरेदीला उत्तम, जेवायला मात्र ला मेसाच. तिथून आम्ही भाजलेली हिरवी घेतली. बर्फाची पेटी बरोबर हवी, नाहीतर उन्हात फिनिक्सपर्यंत टिकत नाही. घरी आल्यावर साल न काढताच छोट्या पिशव्यांत भरून फ्रीजरला टाकायची, लागेल तेव्हा काढली की साल हाताने सहज सुटतं आणि धुरकट चव जास्त राहते, हे तिथल्या दुकानदाराने सांगितलं आणि ते खरं निघालं. ही मिरची घालून पिठलं करून बघा. आमच्या आईने भाकरीबरोबर केलं, वरून कच्च्या तेलाची धार, आणि त्यानंतर फ्रीजरमधल्या पिशव्या तिने मोजून वापरायला सुरुवात केली. लाल पूड घेतलीत तर ती काश्मिरी किंवा संकेश्वरीच्या जागी वापरू नका, फोडणीत टाकली की कडू होते. पाण्यात कालवून, रस्सा म्हणूनच शिजवा.

चोपेजमध्ये काय मागवायचं ते शेवटी लिहून ठेवते, कारण मेन्यू हातात आला की माणूस कॉम्बिनेशन प्लेट मागवून मोकळा होतो आणि मग टॅको, भात, बीन्स यातच पोट भरतं. दोघं असाल तर एक रेयेनोची प्लेट आणि एक लाल एन्चिलाडा अंडं घालून. चौघं असाल तर रेयेनोच्या दोन प्लेट, एक लाल, एक हिरवी एन्चिलाडा, आणि पोरांसाठी केसो. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, बीन्स किंवा टॉर्टियाचा घास घ्या. आणि मावशींनी विचारलं की आणखी काही हवंय का, तर एक रेयेनो जास्तीची मागवा, कारण शेवटच्या रेयेनोवरून आमच्या टेबलावर खरोखर भांडण झालं आणि ती आईला मिळाली.